‘अं-नामूर द जनेस’ : नदीत वाहून गेलेली टोपी

कोरांटी

(सगळी गोष्ट उघड करून लिहितेय. ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी बघून मग या.)

परवा रात्री ‘अं-नामूर द जनेस’ पाहिला. फ्रेंच आहे, २०११ चा, मिया हान्सेन-लवचा. इंग्रजीत ‘गुडबाय फर्स्ट लव्ह’ या नावाने मिळतो. दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये. घरात याविषयी बोलावं असं कोणी नाही, म्हणून इथे.

आधी कारण सांगते. माझी लेक यंदा दहावीत. तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांची बदली झाली आणि मे महिन्यात ते सगळे गुवाहाटीला गेले. सुरुवातीला रोज फोन, मग एक दिवसाआड, मग बंद. जून संपेपर्यंत लेकीचं जेवण अर्ध्यावर आलं. एका रात्री जेवताना मी म्हटलं, “अगं, वयच आहे हे. वर्षभरात त्याचं नावसुद्धा आठवणार नाही तुला.” ती काही बोलली नाही. उठली, ताट सिंकमध्ये ठेवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सिनेमा १९९९ मध्ये सुरू होतो. कामीय पंधरा वर्षांची, राहायला पॅरिसमध्ये. (मीही १९९९ साली पंधराचीच होते, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून अडकले.) सुलिवान तिच्याहून थोडा मोठा. तिचं सगळं जग म्हणजे तो. त्याचंही तिच्यावर प्रेम आहे, पण त्याला मित्रांबरोबर दहा महिने दक्षिण अमेरिकेत भटकायचंय. जायच्या आधी दोघं दक्षिण फ्रान्समधल्या आर्देश भागात तिच्या घरच्यांचं गावाकडचं घर आहे तिथे राहायला जातात. ऊन, झाडं, नदी, भांडण, समजूत, परत नदी. मग तो जातो. पत्रं येतात. भिंतीवर दक्षिण अमेरिकेचा नकाशा आहे, पत्र येईल तसा ती त्यावर त्याचा प्रवास मांडत जाते. मग पत्रं बंद होतात. त्याला वाटायला लागतं, ही ओढ असेपर्यंत आपल्याला मोकळं जगता यायचं नाही. कामीय गोळ्या घेते. वाचते.

यानंतरचा सिनेमा मला जास्त महत्त्वाचा वाटला. ती वास्तुकला शिकायला लागते. तिथे शिकवणारा लोरेंझ, वयाने बराच मोठा, हळूहळू तिच्या आयुष्यात येतो. दोघं एकत्र राहायला लागतात, एकत्र काम करतात. आणि आठ वर्षांनी एक दिवस बसमध्ये तिला सुलिवानची आई भेटते. नंबर दिला जातो. सुलिवान परत येतो. आणि कामीयचं प्रेम जिथे होतं तिथेच आहे! लोरेंझवरही आहे, याच्यावरही आहे. मी वाट बघत होते की आता सिनेमा तिला फटकारेल, किंवा सुलिवान किती सामान्य होता हे तिला कळेल आणि ती सुटेल. तसलं काही होत नाही. तो पुन्हा सोडून जातो, पत्र लिहून. ती पुन्हा रडते. मग उन्हाळ्यात ती लोरेंझबरोबर त्याच आर्देशच्या घरी जाते आणि एकटी नदीवर उतरते. डोक्यावर सुलिवानने दिलेली गवती टोपी. वारा येतो, टोपी पाण्यात पडते आणि वाहत जाते. संपला सिनेमा.

मी लॅपटॉप बंद करून किती तरी वेळ तशीच बसले. आठ वर्षं! आणि मी पोरीला ‘वर्षभरात’ म्हणाले होते.

कोणी पाहिलाय का? आणि मी तिला काय म्हणायला हवं होतं?

नीरफणस

पाहिलाय. पुण्यात एका फिल्म क्लबमध्ये, खूप वर्षांपूर्वी. शेवटी जे गाणं लागतं ते जॉनी फ्लिन आणि लॉरा मार्लिंगचं ‘द वॉटर’. सबंध सिनेमा फ्रेंचमध्ये आणि शेवट इंग्रजी गाण्यावर, पण तिथे ते इतकं चपखल बसलंय की दिवे लागले तरी कोणी उठलं नव्हतं.

लिहिलंयस छान. लेकीला जवळ घे.

भर_दुपार

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडते. मला हा सिनेमा अजिबात आवडला नाही, कारण सुलिवानला त्याने फारच सहज सोडलंय. मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला सवय लावायची, तिच्या घरी राहायचं, आणि मग ‘मला स्वतःला शोधायचंय’ म्हणून जायचं. बरं, गेलास. मग एक पत्र टाक की, ‘माझी वाट बघू नकोस.’ तेवढं नाही. ती मरता मरता वाचते. आठ वर्षांनी हा परत येतो, आणि पुन्हा तेच. माझ्या धाकट्या बहिणीच्या आयुष्यात असा एक येऊन गेला. आमच्या आईने दोन वर्षं तिला रात्री एकटं झोपू दिलं नाही. त्यामुळे नदी, ऊन, टोपी हे सगळं कितीही सुंदर असलं तरी मला त्या मुलाचा रागच येत राहिला.

माउंटबोर्ड

मी आर्किटेक्ट आहे, म्हणून माझी खुर्ची थोडी वेगळ्या बाजूला.

प्रेमाच्या सिनेमात नायिकेचं शिक्षण म्हणजे बहुतेक वेळा दोन पुस्तकं छातीशी धरून जिना उतरणं. इथे ते खरं काम आहे. चर्चा होतात, मॉडेल होतात, साइटवर जाणं होतं. वर्गाची सहल जर्मनीतल्या डेसाऊला जाते, बाउहाउस या जुन्या कला-वास्तुकला शाळेची इमारत बघायला. वाल्टर ग्रोपिअसची, १९२६ ची. काचेची ती लांबच लांब भिंत प्रत्येक वास्तुकलेच्या पुस्तकात असते, पण त्याच संकुलात विद्यार्थ्यांच्या राहण्याची एक चौकोनी इमारत आहे. २८ खोल्या, बाहेर अगदी जेमतेम उभं राहता येईल अशा छोट्या बाल्कन्या. एकट्याने राहायचं, पण दार उघडलं की बाकीचे हाकेच्या अंतरावर. कामीय तिथे पोचते तेव्हा तिला नेमकी हीच गोष्ट शिकायची असते असं मला वाटत आलंय.

माझ्या बाबतीत सांगायचं तर तिसऱ्या वर्षाला असताना ज्यूरीच्या (परीक्षकांसमोर काम मांडायचं असतं त्या दिवसाच्या) बारा दिवस आधी माझं सगळं संपलं. चार वर्षांचं होतं. घरी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे रडायलाही घर नव्हतं. स्टुडिओत रात्रभर मॉडेलसाठी माउंट बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, कापायचे. एक ते पन्नासच्या स्केलला जिना करायचा होता, एकेक पायरी तीन मिलिमीटरची. एक पायरी चिकटेपर्यंत चिमट्याने धरून मनात वीस अंक मोजायचे. एकोणीस पायऱ्या. तेवढा वेळ मला त्याची आठवण येत नव्हती. डोळे भरून यायला लागले की मी मान मागे करायचे, बोर्डावर थेंब पडला तर फुगतो म्हणून. ते मॉडेल आजही माझ्या कपाटावर आहे.

दिग्दर्शिकेने स्वतःच सांगितलंय की ही बरीचशी तिची आपली गोष्ट आहे. तिचा जन्म १९८१ चा, म्हणजे १९९९ मध्ये ती अठराची. तिच्या हाताला सिनेमा लागला, कामीयच्या हाताला इमारती.

वाळूघड्याळ

माउंटबोर्ड, जिना वाचताना मीही वीस मोजले.

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. कामीयचं काम करणारी लोला क्रेतों चित्रीकरणाच्या वेळी सोळा-सतराची होती. तीच पंधराची कामीय, तीच तेविशीतली. सुरकुत्या नाहीत, मेकअपची करामत नाही. मधे केस कापते तेवढंच. बऱ्याच जणांना हे खटकलं, ‘वय वाढल्याचं दिसत नाही’ म्हणून. मला उलट ते फार पटलं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी पन्नाशीला भेटल्या की मला त्यांचे आठवीतलेच चेहरे दिसतात. बसमध्ये सुलिवानच्या आईसमोर उभी असलेली कामीय पंधराचीच आहे. तिची चाल बदललीय फक्त.

आणि दोन्ही पुरुष नट फ्रान्सबाहेरचे आहेत, लक्षात आलं का? सुलिवान झालेला सेबास्तियान उर्त्सेन्डॉव्स्की जर्मन, लोरेंझ झालेला माग्ने-होवार ब्रेक्के नॉर्वेचा. दोघांचंही फ्रेंच ऐकताना किंचित परकं वाटतं. घर, भाषा, नदी यात पूर्ण मुरलेली एकटी कामीय.

रुईचा_कापूस

मला लोरेंझबद्दल बोलायचंय. सर आणि विद्यार्थिनी, त्यात वयाचं एवढं अंतर. मी कॉलेजात बावीस वर्षं शिकवतेय. नुकती सावरलेली मुलगी कशी असते, ते मी समोरच्या बाकावर बघितलंय. कोणी तिचं चित्र नीट बघितलं, एक शब्द चांगला बोललं, की ती त्या माणसाकडे ज्या डोळ्यांनी बघते, ते डोळे पाहून आपणच चार पावलं मागे सरकायचं असतं. सिनेमात लोरेंझ सभ्य आहे, घाई करत नाही, हे मान्य. तरी दिग्दर्शिका हा प्रश्न विचारतच नाही, आणि तो विचारायला हवा होता.

माउंटबोर्ड

रुईचा_कापूस, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो कमी लेखणार नाही. आमच्या क्षेत्रात हे प्रकार मी पाहिलेत. मला एवढंच वाटतं की लोरेंझ तिला ‘वाचवतो’ असं सिनेमा म्हणत नाही. तो यायच्या आधीच तिने पेन्सिल हातात घेतलेली आहे.

सायंतारा

कोरांटी, मी समुपदेशक आहे, शाळांमधून काम करते. सिनेमाबद्दल थोडं आणि तुमच्याबद्दल जास्त लिहिते.

गोळ्यांचा प्रसंग सिनेमाने अगदी थोडक्यात घेतलाय. रंगवून दाखवत नाही, त्याचं कौतुक करत नाही, हे चांगलंच आहे. पण पडद्यावर त्यानंतर थेट काही वर्षं उलटतात, आणि ती उलटलेली वर्षं घरातल्या माणसांना मात्र एकेक दिवस करून काढावी लागतात. भर_दुपार यांच्या आईने काढली तशी.

‘वर्षभरात विसरशील’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक आई म्हणते. अपराधी वाटून घेऊ नका. पण मुलांना त्यातून ऐकू येतं ते हे, की माझं दुःख खरं नाही. त्यापेक्षा त्या मुलाबद्दल विचारा. नाव घेऊन विचारा. तो काय बोलायचा, कशावर हसायचा, तिला त्याचं काय आवडायचं. उत्तर एका दिवसात येणार नाही.

जेवण कमी होऊन महिना होत आलाय म्हणता. झोप, शाळा, मैत्रिणी यांवरही लक्ष ठेवा. ‘जगण्यात अर्थ नाही’ अशा धर्तीचं एक वाक्य जरी आलं, तरी सरळ विचारा की मनात मरणाचा विचार येतो का. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट मूल मोकळं होतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीसुद्धा.

कोरांटी

सायंतारा, मनापासून आभार. नंबर फ्रिजवर लावलाय, बाकीच्या नंबरांच्या यादीत, वेगळा दिसणार नाही असा.

माझ्या लक्षात आलं की मी त्या मुलाचं नाव घरात एकदाही घेतलेलं नाही. ‘तो गुवाहाटीचा’ असंच म्हणते.

कृष्णाकाठ

मी मूळचा वाईचा, गेली अकरा वर्षं फ्रान्समध्ये, लियों शहरात. आर्देश इथून गाडीने दोन-अडीच तासांवर, त्यामुळे राहवलं नाही.

आधी नावाबद्दल. ‘अं-नामूर द जनेस’, म्हणजे ‘तरुणपणीचं प्रेम’, हा फ्रेंचमध्ये रोजच्या बोलण्यातला शब्दप्रयोग आहे. आजीसुद्धा सहज म्हणेल, ‘तो ना, माझा तरुणपणीचा.’ त्यात निरोप नाही, दुःख नाही, ‘पहिलं’ हा शब्दही नाही. इंग्रजी नावाने सिनेमा सुरू व्हायच्या आधीच निरोप देऊन टाकला. कोरांटीताई, तुम्ही सिनेमाभर ती कधी सुटते याची वाट बघत होतात ना, त्यात थोडा वाटा त्या नावाचाही असावा.

आता त्या मुलखाबद्दल. आर्देशचा वरचा भाग म्हणजे थंड झालेल्या ज्वालामुखींचे डोंगर. काळसर दगडाची बुटकी घरं, छपरांवरही दगडाच्याच फरश्या, उन्हाळ्यात गवत कमरेएवढं. जुलैतसुद्धा पाण्यात पाय घातला की घोट्यापर्यंत कळ जाते. तिथे जेर्बिए द जोंक नावाचा सुळका आहे, १५५१ मीटरचा, लांबून पाहिला तर उपडा ठेवलेला द्रोण. त्याच्या पायथ्याशी लोआर नदी उगम पावते, फ्रान्समधली सगळ्यात लांब, हजार किलोमीटरांहून जास्त. गंमत अशी की उगमाच्या तीन जागा आहेत आणि तिन्ही ठिकाणी आपलीच खरी म्हणून पाट्या. एके ठिकाणी तर पाणी जुन्या गोठ्यातल्या दगडी पन्हळीतून येतं. मी ओंजळीत घेऊन प्यायलोय.

आणि मला तिथे उभं राहून महाबळेश्वर आठवलं. आपली कृष्णा एका अंगाने निघून बंगालच्या उपसागराला जाते आणि तिथलीच सावित्री दुसऱ्या अंगाने कोकणात उतरून अरबी समुद्राला. तिथेही तसंच आहे. लोआर उत्तरेला वळून पार अटलांटिकला मिळते आणि त्याच डोंगराळ मुलखात उगवलेली आर्देश नदी खाली रोन नदीला मिळून भूमध्य समुद्राला जाते. दोन्ही उगमांमध्ये फार अंतर नाही. ज्या बाजूला पाऊस पडला त्या बाजूचा समुद्र.

अण्णा_सोलापूर

मी सत्तरीचा माणूस, सिनेमा पाहिलेला नाही. नातवाने हा धागा वाचायला दिला. भर_दुपार, तुमचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. तुम्ही लिहिलंय, ‘एक पत्र टाक की.’

मी ते पत्र टाकलं नव्हतं.

नोकरीसाठी भिलाईला गेलो. इकडे सोलापुरात एक मुलगी होती, तिच्या घरी माहीत नव्हतं, पत्रं मैत्रिणीच्या पत्त्यावर यायची-जायची. निळं अंतर्देशीय पत्र, कडा डिंकाने चिकटवलेल्या, घाईने उघडलं की शेवटची ओळ फाटायची. पहिले पाच महिने मी नेमाने लिहिलं. मग तिकडचे मित्र झाले, पाळ्या सुरू झाल्या, आणि पत्र आलं की तो दिवस मला अर्धा इथे अर्धा तिथे असा जायचा. ते सोसेना. तिच्या शेवटच्या पत्रात फारसं काही नव्हतं. ‘भिलाईत फार ऊन असतं का? डोक्याला काही बांधत जा.’ मी उत्तर लिहिलं, ठेवलं. दुसरं लिहिलं, ठेवलं. तिसरं लिहिलं. एकही पेटीत टाकलं नाही. टाकवलं नाही याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. मी तिला विसरलो नव्हतो, एवढं खरं आहे.

मध्यंतरी एका लग्नात भेट झाली. दोघांचेही केस पांढरे. बरोबर तिची सून होती. जुजबी बोलणं झालं, कुठे असता, मुलं किती. निघताना ती म्हणाली, “भिलाईत फार ऊन असतं का हो?” मी म्हटलं, “हो. फार असतं.” ती मान हलवून गेली.

त्या मुलाची बाजू घ्यायला हे लिहिलेलं नाही. तुमचा राग योग्य आहे.

भर_दुपार

अण्णा, नमस्कार करते. राग आहे तो आहेच, बहिणीच्या वाटचा आहे, तो मी सोडणार नाही. पण तुमचा प्रतिसाद मी तिला पाठवला. तिने अजून काही उत्तर दिलेलं नाही, फक्त वाचल्याची खूण आलीय.

नीरफणस

अण्णा… काही लिहिता येत नाहीये.

वाळूघड्याळ

अण्णा, आता सिनेमा बघाच. नातवाबरोबर नको, एकट्याने बघा. २०११ साली स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या चित्रपट महोत्सवात परीक्षकांनी त्याची खास दखल घेतली होती, पण ते जाऊ दे. तुम्ही नकाशाचा प्रसंग बघा. खुणा एका जागी येऊन थांबतात, त्या भिंतीसमोर ती कशी उभी असते ते बघा.

अण्णा_सोलापूर

बघतो. नातू मोबाइलवर लावून देतो म्हणालाय.

कोरांटी

काल रविवार होता. लेकीच्या डोक्याला तेल लावत होते. बऱ्याच दिवसांनी तिने लावू दिलं. मी तिच्या मागे बसलेली, चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे मला बोलणं सोपं गेलं. त्या मुलाचं नाव घेऊन विचारलं, “तो हसायचा कशावर गं?” तिचे खांदे एकदम ताठ झाले. मी तशीच तेल लावत राहिले. वेणी घालायला घेतली तेव्हा म्हणाली, “केमिस्ट्रीच्या मॅडम ‘द्रावण’ म्हणायच्या ना, त्यावर.” एवढंच. मी पुढे विचारलं नाही.

मग मीच तिला सिनेमाची गोष्ट सांगितली. गोळ्यांचंही सांगितलं, लपवलं नाही, आणि सायंतारांनी म्हटलं तसं सरळ विचारलं. ती म्हणाली, “नाही गं आई, तसं नाही. नुसतं दुखतं.” मी म्हटलं, “दुखणारच.” वर्षा-बिर्षाचं काही बोलले नाही.

टोपीपर्यंत आले तेव्हा तिने वळून बघितलं, वेणी माझ्या हातातून सुटली. “तिने मुद्दाम सोडली?”

“नाही, वाऱ्याने गेली.”

“मग कुठे गेली असेल?”

मी तिला कृष्णाकाठ यांनी लिहिलेलं सगळं सांगितलं. डोंगर, गोठ्यातलं पाणी, एका अंगाचं अटलांटिकला, दुसऱ्या अंगाचं भूमध्य समुद्राला, आपली कृष्णा, आपली सावित्री. ती उठली, दप्तरातून नकाशाची वही काढली, फ्रान्सचं पान उघडलं आणि पेन्सिल घेऊन बसली. रात्री जेवायला हाक मारली तर वही घेऊनच ताटावर आली. डाव्या हाताचं बोट नकाशावर, उजव्या हाताने आमटीभात.

“आई, पण टोपी कुठल्या अंगाला पडली?”

म्हटलं, “थांब, विचारून सांगते.”

कृष्णाकाठ, सांगाल का?